धांवणें कोणाचें, चालणें कोणाचें?

इंग्रजी शिकणारा मराठी मुलगा ‘रन्’ म्हणजे ‘धांवणें’ असें पाठ करितो व निर्धास्त होतो. त्याचा हा भ्रम फार काळ टिकत नाहीं. पूर्णा जंक्शनचेंच उदाहरण घेऊं. येथें मनमाड–सिकंदराबाद मार्गास अकोल्याकडील फांटा मिळतो. गांवाशेजारून जाणारी पूर्णा नदी पुढें गोदावरीस मिळते. ‘रन्’ म्हणून इंग्रजीचें येथील सारें काम भागतें. मराठींत मात्र नदी वाहते, रूळ गांवावरून जातो, फलाटावरील चहाचें दुकान कोणी चालवितो, त्याचें दूध संपतें आणि धांवतो तो केवळ गाडी चुकलेला उतारू! अमेरिकन उमेदवारहि निवडणुकींत ‘रन्’च करितो, इंग्रजांचा व आमचा उमेदवार नुसता उभा राहतो.

१९२८ सालीं पुऱ्या झालेल्या ऑक्सफर्डच्या बृहत्कोशांत सर्वांत लांब नोंद ‘सेट्’ची होती. पुढील संपादनांत ‘रन्’नें तिला मागें टाकलें, त्याचे ६४५ अर्थ २०११ सालीं मोजले गेले. म्हणून इंग्रजी श्रीमंत व मराठी दरिद्री, असें मात्र कोणी समजूं नये. आमच्या ‘लागणें’कडे पाहावें. भूक लागते, ठेंच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते, पैसे लागतात आणि गाडीहि फलाटास लागते. ह्यांचें भाषांतर करितांना इंग्रजासहि अशीच धांवाधांव करावी लागते.

मोल्सवर्थनें आरंभिलेला व कँडीनें पुरा केलेला इंग्रजी–मराठी कोश १८४७ सालीं निघाला. मराठी पर्यायांची त्याची श्रीमंती आजहि थक्क करिते. परंतु पर्यायांची रास म्हणजे अर्थाचा निवाडा नव्हे. कोणता पर्याय कोणत्या कर्त्याशीं बसतो, हें विद्यार्थ्यास कळल्यावांचून ती रास त्याच्या उपयोगी पडत नाहीं. मग गाडी ‘उशिरानें धांवते’, असें आपण वाचतों व ऐकतों. धांवत असून तिला उशीर कां व्हावा, हें कोणी विचारीत नाहीं.

याहून मोठी हानि सुशिक्षित घरांतच होत आहे. तेथें दुकान ‘रन करतात’, गाडी ‘कॅच करतात’, बेत ‘कॅन्सल करतात’. परक्या शब्दाचा आम्हांस विटाळ नाहीं. फलाट व तिकीट हीं नामें आमच्यांत येऊन मराठी झालीं. पण नाम हा पाहुणा, तर क्रियापद हा घरचा कर्ता होय. सर्व कामें एकट्या ‘करणें’वर टाकलीं, तर चालविणें, गांठणें, मोडणें हीं क्रियापदें कोशांतच उरतील.

यास्तव शालेय कोशकारांनीं पर्यायांची माळ न ओवतां प्रत्येकास एकेक वाक्य द्यावें. आणि मुलानें ‘रन् म्हणजे काय?’ असें विचारतांच वडीलधाऱ्यांनीं उलट विचारावें, “कोण? नदी, गाडी, कीं दुकान?”