नाव न घेता दाखवलेली बाटली

मद्याची जाहिरात करायला मनाई असलेल्या या देशात मद्याच्या ब्रँडची नावं शाळकरी मुलांनाही पाठ असतात. क्रिकेट संघाच्या नावात, सोड्याच्या बाटलीवर, गाण्यांच्या सीडीवर, फॅशनच्या सोहळ्यात ती नावं सुखेनैव नांदतात आणि ती कशाची आहेत हे कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. गेल्या तीस वर्षांत भारतीय जाहिरातीने साधलेलं हे मोठं कौशल्य आहे. मात्र कौशल्याचं कौतुक करून थांबलं तर त्याच काळात आपल्याकडे काय हरवलं ते दिसत नाही. बंदीने जाहिरातीला आडून बोलायला शिकवलं, ती त्यात पारंगत झाली. आणि जी मराठी कला दारूविषयी उघड, ठणकावून आणि लोकांच्या भाषेत बोलत होती ती याच वर्षांत क्षीण होत गेली. मद्याबद्दलचा आजचा लोकमताचा कल या असमतोलातून घडला आहे. तो पाहायला महानगरांपेक्षा मध्य प्रदेशातला बालाघाटसारखा जिल्हा अधिक उपयोगी पडतो, कारण इथे घरात गाळलेली मोहाची, सरकारी ठेक्यावरची देशी आणि टीव्हीवरच्या नावाची व्हिस्की या तिन्ही एकाच बाजारदिवशी भेटतात.

इतिहास थोडा मागून पाहावा लागेल. जाहिरात कंपन्या येण्याच्या कितीतरी आधी मद्याचा पहिला मोठा प्रचारक सरकार होतं. इंग्रजी अमदानीत दारूच्या दुकानांचा लिलाव होई, बोलीची रक्कम वसूल करायची तर खप वाढवावाच लागे, आणि दुकान गावाच्या तोंडाशी येऊन बसे. पुणे नगरपालिकेचे सदस्य असलेल्या महात्मा फुल्यांनी १८८० साली शहरातल्या वाढत्या दारूदुकानांविरुद्ध लेखी आवाज उठवला. १९०८ मध्ये टिळकांच्या पाठबळावर पुण्याच्या गुत्त्यांसमोर स्वयंसेवक उभे राहिले. दोघांचं भांडण छापील जाहिरातीशी नव्हतं, ते दुकानाशी होतं. दुकानाचं असणं हीच जाहिरात, हे त्यांना नेमकं कळलं होतं. तेव्हाचा बालाघाट मध्य प्रांतात होता. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनीचे तुकडे जोडून झालेल्या या जिल्ह्याला १९१५ चा प्रांतिक अबकारी कायदा लागू झाला आणि आजही मध्य प्रदेशचा अबकारी कारभार मुळात त्याच कायद्यावर चालतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने मद्यबंदीला धोरणाचं उद्दिष्ट केलं आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याची भलामण करणंही गुन्हा ठरवला. १९५१ च्या बालसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यातला भलामणीचा भाग अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतो म्हणून रद्द केला. म्हणजे मद्याविषयी चांगलं बोलण्याचा हक्क प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी मान्य झाला होता. पुढे १९९५ मध्ये टाटा प्रेस खटल्यात व्यापारी जाहिरातीलाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे असं न्यायालयाने म्हटलं. हे निकाल लक्षात ठेवायला हवेत, कारण मद्याची जाहिरात नुसत्या कायद्याच्या दंडुक्याने थांबेल या विश्वासाचा पाया पहिल्यापासूनच कच्चा आहे.

तरीही सरसकट सगळं मोकळं नव्हतं. केबल टीव्हीच्या नियमांत मद्याच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई आहे, २००० साली ती अधिक कडक झाली. प्रेस कौन्सिलची आचारसंहिताही वृत्तपत्रांना हेच सांगते. याला उत्तर म्हणून जन्मली ती पर्यायी जाहिरात. बॅगपायपर सोडा, मॅकडॉवेल्सचा सोडा, इम्पीरियल ब्लूच्या सीडी, किंगफिशरचं पाणी आणि त्याचं कॅलेंडर. समीक्षेच्या नजरेने पाहिलं तर यातल्या काही जाहिराती उत्तम आहेत हे कबूल केलं पाहिजे. इम्पीरियल ब्लूच्या ‘मेन विल बी मेन’ मालिकेत अर्ध्या मिनिटात, जवळजवळ न बोलता, एक माणूस उभा राहतो. त्याचा आव, त्याचं लपवणं आणि त्याचा पकडला गेलेला चेहरा असं तीन टप्प्यांचं नाट्य त्यात असतं. कोणत्याही एकांकिकाकाराने अभ्यासावी अशी ही काटकसर आहे. पण ती काटकसर कशासाठी खर्च होते? पुरुषाचं खोटं बोलणं गोड आहे, त्याची नजर घसरणं निरुपद्रवी आहे, आणि हे सगळं त्याच्या जातीलाच शोभतं, हे सांगण्यासाठी. रॉयल स्टॅगने महत्त्वाकांक्षा घेतली, ब्लेंडर्स प्राइडने दिमाख घेतला, रॉयल चॅलेंजने २००८ पासून एका शहराचा क्रिकेट संघच नावासकट घेतला. मद्य दाखवता येत नसल्यामुळे या जाहिरातींनी मद्याच्या भोवतीचा माणूस दाखवला. आणि नुसती बाटली दाखवणाऱ्या जाहिरातीपेक्षा हा माणूस फार खोल रुजतो. बंदीचा हा परिणाम कायदा करणाऱ्यांना अपेक्षित नव्हता, पण तो झाला आहे.

इथे एक जुना आक्षेप येतो: जाहिरातीने पिणारे वाढत नाहीत, पिणारा फक्त ब्रँड बदलतो. या म्हणण्याला आधारही आहे. १९५४ मध्ये बाजारात आलेली ओल्ड मंक रम जवळजवळ जाहिरातीशिवाय पिढ्यान्‌पिढ्या खपली. घरी गाळलेल्या मोहाच्या दारूची जाहिरात तर कुणीच कधी केली नाही. ‘पहिल्या धारेची’ एवढी तोंडी शिफारस तिला पुरली. पण या आक्षेपात एक गोष्ट निसटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) पंधरा वर्षांवरचे जेमतेम १९ टक्के पुरुष आणि एका टक्क्याच्या आसपास स्त्रिया मद्य पितात असं आढळलं. म्हणजे पाचातले चार पुरुष पीत नाहीत. पडद्यावरच्या जगात मात्र न पिणारा पुरुष जवळजवळ दिसतच नाही; मैत्री, बढती, विजय, लग्न यातलं काहीही ग्लासाशिवाय किंवा ग्लासाच्या सूचनेशिवाय पुरं होत नाही. जाहिरात नव्या माणसाच्या हातात ग्लास देते की नाही हा वादाचा प्रश्न आहे, पण पिणं ही सर्वसाधारण गोष्ट आणि न पिणं हा अपवाद, असं चित्र ती नक्की तयार करते. सोळा वर्षांच्या मुलाला आपला समाज कसा आहे हे या चित्रातून कळत असेल तर ते खोटं कळतं.

बालाघाटमध्ये हे चित्र एका वेगळ्या परंपरेवर येऊन पडतं. बैहर, परसवाडा, बिरसा या भागातल्या गोंड आणि बैगा समाजात मोहाची दारू देवाला चढते, जन्म-मृत्यूच्या विधीत लागते, पाहुण्याला दिली जाते. अनुसूचित भागातल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती दारू गाळायची सवलतही मध्य प्रदेशच्या अबकारी नियमांत आहे. असं असूनही मोहाचा सडवा पकडून नष्ट केल्याची बातमी या पट्ट्यात नेहमीची आहे. आणि त्याच राज्याने २०२२ मध्ये ‘हेरिटेज मदिरा’ म्हणून मोहाच्या दारूचं धोरण आणलं. दिंडोरीची ‘मोंड’ आणि अलीराजपूरची ‘मोहुलो’ सुबक बाटलीत, लेबल लावून विकायला आली. बचतगटांना काम मिळालं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण लोकमत घडवण्याच्या दृष्टीने यातली विसंगती गंभीर आहे. जे द्रव्य झोपडीत असलं की ‘कच्ची’ आणि लाजिरवाणं ठरतं, तेच बाटलीत भरलं की वारसा ठरतं. आदिवासीच्या पिण्याला एक निकष आणि पर्यटकाच्या पिण्याला दुसरा, हे आपल्या सार्वजनिक नीतीचं फार जुनं दुखणं आहे आणि जाहिरातीने ते अधिक देखणं केलं आहे.

दुकानाचीही तीच कथा. १ एप्रिल २०२२ पासून मध्य प्रदेशात देशी आणि विदेशी एकाच दुकानात मिळू लागली. त्याआधी देशीच्या ठेक्यावर जाणारा मजूर आणि विदेशीच्या दुकानातला नोकरदार यांच्या वाटा वेगळ्या होत्या. आता एकाच काउंटरवर उभं राहून मजूरही वरच्या फळीकडे बघतो. वरची फळी हीच त्याच्यासाठी जाहिरात आहे. माजी मुख्यमंत्री उमा भारतींच्या दारूविरोधी आंदोलनानंतर २०२३ च्या धोरणाने दुकानाला लागून असलेले, बसून पिण्याचे अहाते बंद केले आणि शाळा-देवळांपासूनचं अंतर ५० वरून १०० मीटर केलं. १ एप्रिल २०२५ पासून १९ धार्मिक ठिकाणी विक्री बंद झाली, त्यात बालाघाटशेजारचं मंडलाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांलगतची दुकानं हटवताना रस्त्यावरून दुकान दिसता कामा नये आणि दारू मिळण्याच्या पाट्याही काढल्या पाहिजेत असं सांगितलं होतं. पाटी, अंतर, दृश्यता हेच मद्याच्या प्रसाराचे खरे मुद्दे आहेत हे न्यायालयाने ओळखलं; पुढे सवलती देत तो आदेश बराच सैल झाला, ही दुःखाची गोष्ट आहे.

महाराष्ट्राच्या बाजूने पाहिलं तर तिथे भाषा आणखी बदललेली दिसते. २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर नाशिकची वाइन शेतकऱ्याचं उत्पादन म्हणून मांडली गेली, तिचे संगीत महोत्सव झाले, आणि जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवू देण्याचा निर्णय झाला तेव्हा समर्थनाचा मुख्य मुद्दा शेतकऱ्याचं हितच होता. अण्णा हजारेंसह अनेकांनी विरोध केला आणि निर्णय अमलात आला नाही. दुसऱ्या टोकाला, २०१७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या कार्यक्रमात तत्कालीन मंत्री गिरीश महाजन यांनी खप वाढवायचा तर दारूला बायकांची नावं द्या असं सुचवलं आणि टीका झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. देशी दारूच्या बाटल्यांवरची ‘बॉबी’सारखी नावं पाहिली की ती सूचना एका माणसाच्या डोक्यातून अचानक आली नव्हती हे कळतं. ज्या बायका गावातलं दारूदुकान बंद करण्यासाठी आडवी बाटली-उभी बाटलीच्या मतदानाला रांगा लावतात त्यांच्याच नावाने बाटली खपवायची, ही आपल्या बाजाराची रीत आहे.

मग सरसकट बंदी हा उपाय आहे का? गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि डॉ. अभय व राणी बंग यांच्या कामामुळे तिला लोकांचं पाठबळ मिळालं. चंद्रपूरमध्ये २०१५ साली आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली. शेजारशेजारच्या या दोन जिल्ह्यांतला फरक सांगतो की नियम टिकतो तो त्यामागे सतत बोलणारं, समजावणारं कुणी असेल तरच. जाहिरातीलाही हेच लागू आहे. जून २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यायी जाहिरातींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली. ती नीट राबवावीत. सोडा खरोखर विकला जातो का, किती विकला जातो, हे तपासावं. पण तेवढ्याने ‘तो माणूस’ पडद्यावरून जाणार नाही, कारण त्याच्यासमोर उभं राहायला दुसरा माणूसच आपल्याकडे उरलेला नाही.

एके काळी तो होता. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला तळीराम म्हणजे मराठी रंगभूमीने रंगवलेला मद्याचा पहिला थोर विक्रेता. मैत्री, हुशारी, मोकळेपणा यांची सगळी भाषा, जी पुढे जाहिरातींनी वापरली, ती गडकऱ्यांनी त्याच्या तोंडी आधीच घातली होती आणि मग सुधाकर-सिंधूच्या संसाराची राख दाखवून ती उघडी पाडली होती. प्रेक्षक तळीरामावर खळखळून हसत आणि तरीही फसत नसत. विदर्भाच्या गावागावांत गाडगेबाबांचं कीर्तन आणि तुकडोजी महाराजांची खंजिरी हेच काम अधिक थेट करत होती. त्या कलेत उपदेश होता, पण तिच्यात विनोद, सूर आणि माणूस ओळखण्याची धारही होती. आज तिच्या जागी पडद्याच्या कोपऱ्यातली एक ओळ आहे, आणि २०१९ पासून बाटलीवर छापलेला इशारा, जो नियमाप्रमाणे इंग्रजीत आहे. राज्याने ठरवलं तरच तो स्थानिक भाषेत येतो. बैहरच्या बाजारातल्या माणसाशी राज्य त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलतं आणि व्हिस्कीची कंपनी त्याच्याशी न बोलताही बोलते.

मानवी सेवनाचं मद्य जीएसटीबाहेर असल्यामुळे त्यावरचा कर राज्यांच्या हातात आहे, आणि मध्य प्रदेशला त्यातून वर्षाला दहा हजार कोटींहून अधिक मिळतात. त्यातला छोटासा वाटा या कलेसाठी मागणं अवाजवी नाही. बाघ नदीपलीकडे गोंदिया, भंडारा, गडचिरोलीत दिवाळीनंतर मंडईच्या दिवसांत झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि हजारो माणसं तिकीट काढून ती बघतात. हा प्रेक्षक जिवंत आहे, त्याला करुण आणि विनोदी दोन्ही समजतं. झाडीपट्टीच्या लेखकांनी आजचा तळीराम लिहावा, क्रिकेटचा सदरा घातलेला. आणि तो बालाघाटच्या बाजूला गोंडी, पोवारी, हिंदीतही न्यावा. बाटलीवरचा इशारा देवनागरीत छापण्याचा आदेश दोन्ही राज्यांनी यंदाच काढावा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.