१९१८ ची मानमोडी आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे मृत्यूचे आंकडे : एक साधनचिकित्सा

इ. स. १९१८ च्या उत्तरार्धांत इन्फ्लुएंझाची जी साथ जगभर पसरली तिला मराठी मुलखांतील लोक ‘मानमोडी’ म्हणूं लागले. या गोष्टीस आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. साथीविषयीं इंग्रजींत विपुल लेखन झालें आहे, आणि त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडचें नांव वारंवार येतें. कारण ब्रिटिश हिंदुस्थानांतील मोठ्या प्रांतांपैकीं मृत्यूचें प्रमाण सर्वांत अधिक नोंदलें गेलें तें याच प्रांतांत. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. तेव्हां हे आंकडे कोठून आले व त्यांवर किती भार घालावा, याची छाननी येथील संशोधकांनीं करणें उचितच होय. जुना कागद हातीं आला म्हणजे तो कोणीं लिहिला, केव्हां लिहिला आणि कशावरून लिहिला, हे तीन प्रश्न आपण प्रथम विचारतों. छापील तक्त्यांतील आंकड्यास मात्र ते विचारण्याचा प्रघात नाहीं. आंकडा हाही एक कागदच आहे, व त्याचीही मूळ प्रत शोधावी लागते, एवढेंच प्रस्तुत लेखाचें प्रतिपाद्य आहे.

साथीची हकीकत थोडक्यांत अशी. मुंबईस जून १९१८ मध्यें पहिली लाट आली; ती सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी लाट उठली ती घातक ठरली, आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यु नोंदले गेले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, अकोला, बडनेरा व वर्धा या स्थानकांवरून नागपुरास येतो आणि पुढें कलकत्त्याकडे जातो. साथीचा सामान्य ओघही पश्चिमेकडून पूर्वेकडेच होता. आपल्या प्रांतास ऑक्टोबर व नोव्हेंबर हे महिने फार जड गेले. त्याच वर्षीं पावसानें ओढ दिली होती, व महायुद्धामुळें धान्यकापड महागलें होतें. हिंदुस्थान सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनीं १९१९ सालीं जो अहवाल प्रसिद्ध केला त्यावरून या प्रांतांत सुमारें ८ लाख माणसें दगावलीं. म्हणजे दर हजारीं पन्नासांहून अधिक. बंगालचें प्रमाण याच्या मानानें फारच कमी होतें.

आतां या ८ लाखांची मूळ प्रत पाहूं. मध्यप्रांतांतील खेड्यांत जन्ममृत्यूची खबर देण्याचें काम कोतवालाकडे असे. वऱ्हाडांत तें पाटलाकडे असे. कोतवाल हा बहुधा महार किंवा तशाच दुसऱ्या एखाद्या समाजांतला, अल्प मोबदल्यावर गांवची राखण करणारा आणि बहुतेक ठिकाणीं निरक्षर असा मनुष्य. गांवांत कोण मेलें हें तो ध्यानांत ठेवी, ठरल्या फेरीस पोलिसठाण्यावर जाऊन सांगे, व तेथील मुनशी तें लिहून घेई. ठाण्यावरून जिल्ह्यास, जिल्ह्याहून नागपुरास आणि नागपुराहून हिंदुस्थान सरकारच्या दप्तरीं, असा त्या आंकड्याचा प्रवास होई. म्हणजे ज्या छापील तक्त्यास आपण अस्सल साधन समजतों ती वास्तविक तिसरी-चौथी नक्कल होय. अस्सल म्हणजे कोतवालाचें तोंडी निवेदन. साऱ्या प्रांताच्या मृत्युगणनेचा पाया त्याच्या स्मरणावर आणि पायांवर उभा होता. पण त्या अहवालांच्या पानांत त्याचें नांव कोठेंही नाहीं.

या उगमामुळें आंकड्यांत तीन दोष शिरले आहेत.

पहिला दोष गळतीचा. गांव अंथरुणाला खिळलें तेव्हां कोतवालही खिळला. ज्या आठवड्यांत मृत्यु सर्वांत अधिक झाले त्याच आठवड्यांत खबर देण्यास माणूस उरला नाहीं. नोंदणीची व्यवस्था या काळांत कोलमडली हें सरकारी अहवालांनींच कबूल केलें आहे. चांदा, मंडला अशा जिल्ह्यांतील रानांतल्या गोंड वस्त्यांपासून ठाणें दूर. आणि बस्तर, नांदगांव, खैरागड इत्यादि संस्थानें तर प्रांताच्या या हिशेबाबाहेरच होतीं. सारांश, जेथें रस्ता, ठाणें व शाई होती तेथील मृत्यु अधिक चांगले मोजले गेले. नकाशावर जेथें मृत्यु विरळ दिसतात तेथें साथ विरळ होती कीं नोंद विरळ होती, हा प्रश्न सोडविल्याशिवाय त्या नकाशाचा अर्थ लावतां येत नाहीं.

दुसरा दोष कारणाचा. नोंदवहींत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वासाचे विकार, इजा व इतर असे ठराविक रकाने असत. मानमोडीस रकाना नव्हता. तिचे बहुतेक मृत्यु ‘ताप’ या सदरांत पडले. म्हणून साथीचे मृत्यु हे मोजलेले नसून काढलेले आहेत. नेहमींच्या वर्षांत तापानें व एकंदरींत किती मरत, यंदा किती मेले, आणि फरक किती, अशी ती वजाबाकी आहे. ही रीत गैर नाहीं. उलट हाच त्यांतल्या त्यांत सुरक्षित मार्ग होय. परंतु ‘नेहमींचें वर्ष’ कोणतें धरावें यावर उत्तर बदलतें. आणि या रीतीनें मिळतो तो समुदायाचा आंकडा. एकेका व्यक्तीविषयीं तिचा उपयोग करतां येत नाहीं. नाटककार राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजीं नागपूरजवळ सावनेर येथें वारले. काळ साथीच्या लगतचा व स्थळ या प्रांतांतलें. पण त्यांचा आजार क्षयाचा. केवळ तारखेवरून मृत्यूचें कारण ठरवूं नये, हें दाखविण्यास एवढें उदाहरण पुरे.

तिसरा दोष तारखेचा. कोतवाल ठाण्यावर पोंचला तो दिवस व माणूस मेलें तो दिवस यांत अंतर असे. कोतवालच आजारी पडला तर तें अधिकच वाढे, आणि कित्येक दिवसांचे मृत्यु एकाच फेरींत लागण्याचा संभव असे. महिनेवार तक्त्यांत हें विशेष बाधत नाहीं. पण आज साथीचा माग आठवड्यागणिक काढण्याचे प्रयत्न होतात. सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकारिणीनें २०१४ सालीं दोनशेंहून अधिक जिल्ह्यांचे आठवडेवार आंकडे एकत्र करून असें दाखविलें कीं, साथ पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतां सरकतां तिचा जोर कमी होत गेला व मुक्काम मात्र लांबत गेला. हा निष्कर्ष मोलाचा आहे, आणि शेंकडों मैलांच्या मापावर तो ग्राह्य मानण्यास प्रत्यवाय नाहीं. परंतु त्याच आंकड्यांवरून वर्ध्यास साथ आधीं आली कीं हिंगणघाटास, असा निवाडा कोणी करूं लागेल तर तो कोतवालाच्या फेरीचें मापन करील, रोगाचें नव्हे.

आतां अंदाजांची वंशावळ पाहूं. सर्व हिंदुस्थानाकरितां व्हाइट यांनीं ६० लाख मृत्यु धरले. १९२१ च्या खानेसुमारीच्या अहवालांत १ कोटी २० ते ३० लाख धरले गेले. किंग्ज्ली डेव्हिस यांनीं १९५१ सालीं सुमारें २ कोटी हा आंकडा पुढें मांडला. मिल्स यांनीं १९८६ सालीं १ कोटी ७० ते ८० लाख ठरविले. आणि चंद्र व सहकारी यांनीं २०१२ सालीं ब्रिटिश अंमलाखालील प्रांतांपुरते सुमारें १ कोटी ३९ लाख काढले. वाचकास वाटतें कीं हे पांच साक्षीदार आहेत. हस्तलिखितांचा ज्यांस परिचय आहे ते मात्र जाणतात कीं, एकाच मूळ प्रतीवरून झालेल्या पांच नकला म्हणजे पांच साक्षी नव्हेत. या अंदाजांचीं कुळें दोनच : एक कोतवालाच्या नोंदींचें, दुसरें खानेसुमारीचें. व्हाइट पहिल्या कुळांतले. मिल्स यांचा मुख्य आधारही नोंदींचाच, त्यांतही मुंबई इलाख्याच्या. डेव्हिस व चंद्र हे दुसऱ्या कुळांतले. आणि हीं दोन कुळेंही परस्परांस सर्वस्वीं परकीं नव्हेत, कारण गांवोगांवची शिरगणती ज्यांनीं केली ते पटवारी व गांवकामगार त्याच कारभारांतले. व्हाइट यांच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं आपल्या अहवालास ‘प्राथमिक’ म्हटलें होतें. तो शब्द पुढें उद्धृत करणाऱ्यांनीं गाळला.

खानेसुमारीचें कुळ अधिक शुद्ध, असा समज आहे. त्याची परीक्षा नागपुरावरूनच करावी. १९०१ सालीं शहराची वस्ती सुमारें १ लाख २७ हजार, १९११ सालीं १ लाख १ हजार, आणि १९२१ सालीं १ लाख ४५ हजार. हे आंकडे तसेच घेतले तर मानमोडीच्या दशकांत नागपूर ४४ हजारांनीं वाढलें असें म्हणावें लागेल! खरा प्रकार असा कीं, १९११ च्या मोजणीच्या वेळीं शहरांत प्लेग होता व लोक बाहेर पडले होते. एका साथीनें दुसऱ्या साथीची मोजपट्टीच आंखूड केली. सबंध प्रांताची गोष्टही विचारांत घेण्यासारखी आहे. १९११ सालीं व १९२१ सालीं दोन्ही वेळां ब्रिटिश जिल्ह्यांची वस्ती सुमारें १ कोटी ३९ लाख भरली; दहा वर्षांची वाढ शून्य. परंतु ‘साथ नसती तर किती वाढली असती’ हें ठरवितांना मागील दशकाची वाढ प्रमाण धरली तर चूक होईल. तें दशक १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतरच्या भरपाईचें होतें. शिवाय अपेक्षेहून वस्ती कमी भरली ती सगळी मृत्यूंचीच नव्हे. साथीच्या पुढील वर्षीं जन्मही फार घटले. न जन्मलेल्यांस मेलेल्यांत मोजणें हा हिशेब नव्हे.

मग या आंकड्यांचें करावें काय? ते टाकून द्यावे असें आमचें मत नाहीं. एकाच दोषानें सारख्या ग्रस्त असलेल्या दोन आंकड्यांची तुलना बरीच विश्वसनीय असते. म्हणून साथीचा कळस कोणत्या महिन्यांत झाला, वीस ते चाळीस वर्षांचीं माणसें इतर वर्षांच्या मानानें किती अधिक मेलीं, पुरुषांहून स्त्रियांवर घाला अधिक पडला कीं काय, या प्रश्नांचीं उत्तरें नोंदींतून मिळतात, आणि स्त्रियांविषयींचें उत्तर होकारार्थी आहे. एकूण संख्या मात्र ‘किमान इतकी’ अशीच वाचावी. ८ लाख ही मृतांची संख्या नव्हे; ठाण्यापर्यंत पोंचलेल्या मृतांवरून काढलेली संख्या होय.

वाद मिटावयाचा तर तिसऱ्या कुळाची साक्ष पाहिजे, आणि ती आपल्या वाचकांच्या घरीं असूं शकते. श्राद्धाच्या तिथि कोतवालानें लिहिल्या नाहींत. शके १८४० च्या आश्विन-कार्तिकांतील किती तिथि एकेका घराण्यांत पाळल्या जातात हें कुलवृत्तांतांवरून पाहतां येईल. पंचांगाच्या कोऱ्या जागीं केलेलीं टिपणें, सावकारी खतावण्यांत एकाएकीं बंद पडलेलीं खातीं, ऐन कपाशीच्या हंगामांतील जिनांचे हजेरीपट, ख्रिस्ती दफनाच्या वह्या, हीं सर्व स्वतंत्र साधनें होत. पोथ्यांच्या आशेनें रुमाल सोडणारा संग्राहक असल्या वह्या बहुधा रद्दींत घालतो. तसें करूं नये, ही विनंति. अर्थात् या साक्षीसही आपली बाजू आहे. कुलवृत्तांत लिहिते झालेल्यांचा. गोंडाच्या झोपडींतील मृत्यूची तिथि त्यांत येत नाहीं. त्या झोपडीची खबर ठाण्यावर कोणी नेली असेल तर ती कोतवालानेंच. म्हणून वृत्तांत आणि कोतवालाची नोंद शेजारीं ठेवूनच वाचलीं पाहिजेत. एकाचें मौन दुसऱ्यानें भरून काढावें.

हा सर्व खटाटोप केवळ जुन्याचा नव्हे. २०२०-२१ च्या कोरोनाच्या साथींत भारतांत सुमारें ४ लाख ८० हजार मृत्यु सरकारी दप्तरीं लागले असतां जागतिक आरोग्य संघटनेनें २०२२ सालीं ४७ लाख अधिक मृत्यूंचा अंदाज मांडला, व भारत सरकारनें त्याच्या रीतीवर हरकत घेतली. साधनें बदललीं, ठाण्याऐवजीं यंत्र आलें, पण वादाचें स्वरूप तेंच आहे : एका बाजूस नोंद, दुसऱ्या बाजूस वजाबाकी. दोहोंपैकीं कोणाच्याही बाजूनें बोलण्यापूर्वीं नोंद कोणीं केली हें विचारावें. १९१८ सालीं त्याचें उत्तर होतें : अंगांत ताप असतां ठाण्याची वाट चालणारा कोतवाल. त्याच्या फेऱ्यांच्या वह्या जेथें शिल्लक असतील तेथें त्या जपल्या पाहिजेत.