कलेचे अंगण कोणाचे?

कोणत्याही सांस्कृतिक कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका आज उघडावी, तर ‘सर्वसमावेशक’ हा शब्द तिच्यात हमखास भेटतो. शब्द चांगला आहे. त्यामागची भावनाही बहुधा चांगलीच असते. तथापि कलासंस्थांच्या बाबतीत या शब्दाचा अर्थ एकदा तपासून घ्यायला हवा असे मला वाटते. एखाद्या समाजाला व्यासपीठावर बोलवावे, त्याच्याकडून नृत्य करवून घ्यावे आणि शाल-श्रीफळ देऊन त्याची बोळवण करावी, यालाही समावेश म्हणण्याची पद्धत पडली आहे. परंतु पाहुणचार आणि घरातला वाटा यांत जो भेद आहे, तोच येथेही आहे. पाहुण्याला आपण पाटावर बसवतो, पहिली वाढ त्यालाच करतो. मात्र चुलीवर काय शिजावे हे ठरवण्याचा अधिकार त्याला नसतो. कलासंस्था कोणाची, हे ओळखायचे असेल तर तिच्या रंगमंचाकडे पाहण्याआधी तिच्या चुलीकडे पाहावे.

या कसोटीवर आपल्या जिल्ह्यातले सर्वांत उजवे उदाहरण कुडाळजवळच्या पिंगुळीत आहे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. तो आटला, करमणुकीची नवी साधने आली आणि बाहुल्या पेटाऱ्यात पडून राहू लागल्या. परशुराम विश्राम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्याचे संग्रहालय केले आणि २००६ साली ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ उभे राहिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. (गोठ्यातून काय उभे राहू शकते, हे या पत्रिकेच्या वाचकांना मी वेगळे सांगायला नको.)

चित्रकथी ही नुसती चित्रकला नाही, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. एका आख्यानाची सुटी चित्रे क्रमाने लावून ठेवली की त्यांची ‘पोथी’ होते. कथेकरी जमिनीवर बसून एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वीणा, टाळ व हुडूक यांच्या साथीने कथा पुढे नेतो. टपोऱ्या डोळ्यांची, बाजूने रेखाटलेली ती माणसे कागदावर स्तब्धच असतात. त्यांना रागलोभ येतो तो कथेकऱ्याच्या गळ्यातून. चित्र अर्धे, वाणी अर्धी. म्हणूनच पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी काचेआड जतन केलेली चित्रकथीची जुनी चित्रे पाहताना आनंद होतो, तसा थोडा विषादही वाटतो. तेथे चित्र सुरक्षित आहे, पण मुके आहे. पिंगुळीच्या अंगणात ते बोलते. तेथे चित्र काढणारा, ते धरणारा, कथा सांगणारा आणि आलेल्या पाहुण्याला आत बोलावणारा माणूस एकाच समाजाचा असतो. काय दाखवायचे, किती दाखवायचे आणि पाहुण्याला काय समजावून सांगायचे, हे तोच ठरवतो. चूल त्याची आहे.

येथे एक टीकाही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ गौरवपर होईल. चित्रकथीला आज जे नवे गिऱ्हाईक मिळते, ते बव्हंशी चित्राचे गिऱ्हाईक असते. दिवाणखान्यात टांगायला एक चित्र हवे असते; त्याच्या मागची-पुढची चित्रे आणि त्यांना जोडणारे आख्यान नको असते. पोथीतून एक पान फाडून घ्यावे, तसा हा प्रकार. कलावंताने ते विकू नये असे म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण त्याच्या घरचा तांदूळ त्यातून येतो. पण आपल्यासारखा, पिंगुळीपासून तासाभराच्या अंतरावर राहणारा प्रेक्षकही जर चित्र विकत घेऊन कथा न ऐकताच परतला, तर त्या कलेतला अर्धा माणूस आपण दाराबाहेरच ठेवला असे होते. कथा ऐकायला वेळ लागतो, आणि सन्मानाचा तोच भाग आपल्याला महाग वाटतो.

आणखी एक गोष्ट कलेच्या चर्चेत सहसा येत नाही. ठाकर जमातीला अनुसूचित जमातीचा दर्जा पूर्वी ठरावीक जिल्ह्यांपुरताच होता; ज्या रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ साली आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला, तो त्यांत नव्हता. १९७६ च्या कायद्याने ही प्रादेशिक मर्यादा उठली. परंतु दाखल्याच्या पडताळणीत अर्जदाराच्या चालीरीती, दैवते, बोली, लोककला या जमातीच्या रूढ वर्णनाशी जुळतात की नाही हे पाहण्याची पद्धत राहिली. शिकून शहरात गेलेला मुलगा बाहुली नाचवीत नाही, म्हणून तो त्या समाजाचाच नव्हे काय? महाराष्ट्रातील ठाकूर-ठाकर जमातीशी निगडित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये स्पष्ट केले की, अशी सांस्कृतिक साम्याची चाचणी ही अंतिम कसोटी मानता येणार नाही. ज्या समाजाच्या कलेला आपण टाळ्या देतो, त्याच्या मुलांना ओळख सिद्ध करण्यासाठी कागदांची चवड वाहावी लागते; दोन्ही गोष्टी एकाच राज्यात, एकाच काळात घडतात. कलेचा गौरव हा माणसाच्या हक्काला पर्याय होऊ शकत नाही, हे एवढ्यावरून कळावे.

पिंगुळीहून वेंगुर्ल्याकडे आले की दशावताराची भूमी लागते. पार्सेकर, मोचेमाडकर ही मंडळांची नावे आमच्या तालुक्यात लहान मुलालाही ठाऊक असतात. कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि वैशाखापर्यंत या मंडळांचे पेटारे गावोगाव फिरतात. पखवाज, झांज आणि पायपेटी एवढी साथ. एक बाकडे, तेच सिंहासन, तोच पर्वत आणि गरज पडली तर तोच रथ. लिखित संहिता नाही. कोणते आख्यान लावायचे ते ठरते आणि पुढचा संवाद कलावंत रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. चेहरा स्वतः रंगवणारा राजा सकाळी घरी जाऊन शेतात उतरतो. या कलेत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतो तो आडदशावतारातला संकासुर. राजे, ऋषी आणि देव ग्रांथिक मराठीत बोलतात. वेद पळवणारा हा काळ्या वेषातला असुर मात्र मालवणीत बोलतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने तो खलनायक, पण प्रेक्षकांचे हसू त्याच्याच वाट्याला येते, कारण प्रेक्षकांची बोली त्याच्या तोंडी आहे. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० साली मालवणी बोली मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर नेली आणि मच्छिंद्र कांबळींनी ती गाजवली, त्याच्या कितीतरी आधी संकासुराने तिला देवळाच्या प्रांगणात मानाचे स्थान दिले होते.

तरीही चुलीची कसोटी येथे लावली, तर उत्तर पिंगुळीइतके सरळ येत नाही. दशावतारातील स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषांनी केल्या. त्या भूमिका करणाऱ्यांचे कसब असामान्य आहे. पदर सावरण्याची त्यांची लकब गावातल्या सुना निरखून पाहतात, असे गमतीने म्हटले जाते. पण रात्रभर द्रौपदीचे दुःख पाहणाऱ्या बाईला ती द्रौपदी स्वतः होण्याची मुभा पिढ्यान्‌पिढ्या नव्हती. अलीकडे स्त्रियांनी एकत्र येऊन दशावतारी नाट्यप्रयोग केले आहेत. त्यांच्याकडे ‘नवल’ म्हणून पाहिले जाते. त्यांच्या अभिनयाचे गुणदोष गांभीर्याने सांगणारी समीक्षा अजून फारशी दिसत नाही. नवल म्हणणे हाही पाहुणचारच. २०२५ साली आलेल्या सुबोध खानोलकर दिग्दर्शित ‘दशावतार’ या चित्रपटामुळे शहरातील प्रेक्षक या कलेकडे वळला, याचा आनंद आहे. परंतु दिलीप प्रभावळकरांच्या भूमिकेला दाद देऊन आपले काम संपले असे मानणाऱ्यांना जत्रेतल्या मंडळाची बिदागी किती असते, हे विचारून पाहावे.

या कलांनी माणसाचे भले होते काय, असा प्रश्न आता वैद्यकशास्त्रही विचारू लागले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला आणि आजार टाळण्यात, तो सुसह्य करण्यात कलांचा वाटा असतो असा निष्कर्ष काढला. आपल्या गावांत याचा पडताळा घेण्यासाठी आढाव्याची गरज नाही. मुले मुंबईला आणि आखाती देशांत, घरात दोन वृद्ध जीव आणि एक दूरचित्रवाणी संच, अशी किती घरे आपल्या धर्मग्रामांत आहेत! जत्रेच्या रात्री अशी माणसे चटई आणि शाल घेऊन निघतात, शेजारी बसतात, मध्येच डुलकी घेतात, पहाटे दहीकाला होईपर्यंत थांबतात. त्या रात्रीला औषध म्हणणे मला थोडे उथळ वाटते. पण त्या रात्री ती एकटी नसतात, एवढे खरे.

आता आपल्याकडे वळू. आपल्यापैकी पुष्कळ घराण्यांचे मूळ तेरेखोलच्या पलीकडे गोमंतकात आहे, आणि तेथील ख्रिस्तसभेचा लोककलांशी असलेला संबंध दुहेरी आहे. एकीकडे फादर स्टीफन्स. या इंग्रज येशूसंघीयाने मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोलला छापले गेले. लोकांचा छंद, लोकांची पुराणश्रवणाची रीत त्याने आपली मानली. दुसरीकडे १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेला हुकूम, ज्याने ख्रिस्ती घरांतील लग्नप्रसंगीच्या देशी चालीरीती आणि गाण्यांवर बंदी घातली. हा हुकूम ज्यांच्यावर रोखलेला होता, त्या प्रामुख्याने स्त्रिया होत्या. त्यांनी काय केले? रोसाच्या विधीतली नारळाच्या रसाची वाटी आणि तिच्याबरोबरची गाणी आजही आपल्यात आहेत, यातच उत्तर आले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या दस्तऐवजात निरनिराळ्या लोकसमूहांच्या कलागुणांचा आदर करण्याचा मार्ग खुला केला, आणि १९९९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कलावंतांना पत्र लिहून ख्रिस्तसभेला कलेची गरज आहे असे सांगितले. ज्या स्त्रियांनी ती गाणी जपली, त्यांना मात्र कोणी पत्र लिहिले नाही.

गोमंतकीय ख्रिस्ती माणसाने जेव्हा स्वतःची चूल पेटवली, तेव्हा काय घडले हेही पाहण्यासारखे आहे. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत ‘इटालियन भुरगो’ हा पहिला तियात्र झाला. पोटासाठी मुंबईला आलेल्या गोमंतकीयांचा तो रंगमंच. १९०४ साली जुआंव आगुस्तिन फर्नांडिस यांच्या ‘भाटकार’मध्ये त्यांची पत्नी रेजिना रंगमंचावर आली; मराठी संगीत रंगभूमीवर तेव्हा स्त्रीभूमिका पुरुषच करीत होते. शिवोलीचा जागोर हिंदू आणि ख्रिस्ती कुटुंबे मिळून करतात, आणि त्यासाठी कोणत्याही पत्रिकेवर ‘सर्वसमावेशक’ असे छापावे लागत नाही.

आणि आपले फेस्त? नाताळचा कार्यक्रम? चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिकेवर मुलांचे नृत्य, भाड्याने आणलेले कर्णे, शहरातून बोलावलेला निवेदक. मुले नाचतात याला माझा आक्षेप नाही. मुलांनी नाचलेच पाहिजे. आक्षेप हा आहे की, त्या संपूर्ण संध्याकाळी आपल्या धर्मग्रामात जन्मलेली एकही ओळ ऐकू येत नाही. रोसाच्या ओव्या पाठ असलेल्या वृद्ध बाया पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर सन्मानाने बसवलेल्या असतात. त्यांना पुष्पगुच्छ देतात. त्यांना गायला कोणी सांगत नाही. कार्यक्रमाची रूपरेषा ज्या बैठकीत ठरते, त्या बैठकीत तर त्या नसतातच. कोळीवाड्यातील आपली कुटुंबे, कामासाठी परप्रांतांतून येऊन मिस्सेला मागच्या बाकांवर बसणारी तरुण मंडळी, यांचीही तीच गत. त्यांच्याकडे कोणते गाणे आहे, हे आपण विचारलेले नाही.

पिंगुळीच्या कलावंतांकडून येशूजन्माची पोथी रंगवून घ्यावी, अशी सूचना काही उत्साही मंडळी करतात. मला ती घाईची वाटते. त्यांनी ती स्वतःहून रंगवावीशी वाटली तर जरूर रंगवावी, आणि तिची पूर्ण किंमत आपण द्यावी. पण त्याआधी आपण त्यांच्या अंगणात जाऊन त्यांची कथा शेवटपर्यंत ऐकलेली असावी. आणि आपल्या घरच्या पोथीपासून सुरुवात करायला कोणाची परवानगी लागत नाही. येत्या फेस्ताच्या पहिल्या बैठकीला त्या ओव्या गाणाऱ्या दोन बायांना बोलवावे, खर्चाची वही त्यांच्यासमोर ठेवावी, आणि कर्ण्यांची रक्कम लिहिण्याआधी त्यांना विचारावे की, गायला बसायचे तर त्यांना किती वेळ हवा, कोणत्या मुली शिकायला हव्यात, आणि दिवा कोठे ठेवायचा.