गणिताचे वीस गुण : दहावीच्या उत्तीर्णतेचा प्रस्तावित निकष आणि सोलापूर जिल्हा

प्रस्तावना

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२४ साली तयार केलेल्या शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्यात दहावीच्या उत्तीर्णतेविषयी एक महत्त्वाची तरतूद सुचविण्यात आली. गणित व विज्ञान या विषयांत ३५ पेक्षा कमी, परंतु किमान २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास उत्तीर्ण समजावे. मात्र गणित वा विज्ञानाधिष्ठित पुढील शिक्षणास तो पात्र नाही, असा शेरा त्याच्या गुणपत्रिकेवर नोंदवावा. हा शेरा नको असल्यास त्याने पुन्हा परीक्षा द्यावी, असे या तरतुदीचे स्वरूप आहे. नवा अभ्यासक्रम दहावीला लागू होताना हा बदल अमलात येईल, असे त्या वेळी राज्य मंडळाकडून सांगण्यात आले. या तरतुदीवर उमटलेल्या प्रतिक्रिया प्रामुख्याने दोन प्रकारच्या होत्या. एका पक्षास त्यात गुणवत्तेची घसरण दिसली, तर दुसऱ्यास विद्यार्थ्यांची सुटका. दहावीचे प्रमाणपत्र नेमके कशाची ग्वाही देते, हा मूळ प्रश्न मात्र या दोन्ही प्रतिक्रियांत बाजूला पडला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. ती विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा होती. उच्च शिक्षणास कोण योग्य, एवढेच तिला ठरवायचे होते. स्वातंत्र्यानंतर शालान्त परीक्षा विद्यापीठाकडून स्वतंत्र मंडळाकडे आली. १९६५ च्या अधिनियमानुसार आजचे राज्य मंडळ स्थापन झाले. कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून दहा अधिक दोन हा आकृतिबंध स्वीकारला गेला आणि १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. परीक्षेचे नाव व यंत्रणा बदलली, तरी लोकांच्या तोंडी 'मॅट्रिक' हा शब्द दीर्घकाळ टिकला. त्यामागील चाळणीची कल्पनाही टिकली. परिणामी एकाच गुणपत्रिकेवर दोन कामे येऊन पडली : शालेय शिक्षण पूर्ण झाल्याची ग्वाही देणे आणि पुढील शाखेसाठी निवड करणे.

गेल्या काही वर्षांतील बहुतेक बदल या दुहेरी भाराशी निगडित आहेत. २०१० साली सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांची टक्केवारी अकरावी प्रवेशासाठी धरण्याचा निर्णय झाला. तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरविला व सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मान्य केला. २०१५ पासून अनुत्तीर्णांची फेरपरीक्षा जुलैमध्येच होऊ लागली. २०१९ च्या परीक्षेत भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे प्रत्येकी २० अंतर्गत गुण काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही नवा होता. राज्याचा निकाल २०१८ च्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. अंतर्गत गुण पुन्हा सुरू होताच २०२० साली तो ९५.३० टक्के झाला. वर्षभरात विद्यार्थ्यांच्या ज्ञानात एवढी वाढ होणे संभवत नाही. निकालाची टक्केवारी मूल्यमापनाच्या रचनेवर किती अवलंबून असते, हेच या आकड्यांतून स्पष्ट होते.

तरतुदीचे गुण

प्रस्तुत तरतुदीमागील विचार टाकाऊ नाही. ज्या मुलीला पुढे भाषा, इतिहास वा कला यांचा अभ्यास करायचा आहे, तिची दहा वर्षांची शाळा एका विषयातील काही गुणांसाठी 'अपूर्ण' ठरावी, हे न्याय्य म्हणता येत नाही. ग्वाही व निवड ही दोन कामे वेगळी करण्याचा प्रयत्न या तरतुदीत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० च्या दहावी परीक्षेपासून गणिताच्या प्रमाणित व मूलभूत अशा दोन पातळ्या केल्या, त्यामागेही हीच दृष्टी होती. तथापि त्या योजनेत पातळीची निवड विद्यार्थी परीक्षेपूर्वी करतो. महाराष्ट्राच्या प्रस्तावात ती निकालानंतर त्याच्या माथी येते. हा फरक मूलभूत आहे.

तरतुदीतील दोष

पहिला दोष गुणरचनेचा. गणिताच्या १०० गुणांपैकी ८० लेखी परीक्षेचे व २० अंतर्गत मूल्यमापनाचे आहेत. ही विभागणी कायम राहून २० ही मर्यादा एकूण गुणांना लागू झाली, तर शाळेने १८ अंतर्गत गुण दिलेल्या विद्यार्थ्यास लेखी परीक्षेत २ गुण पुरतील. अशा वेळी उत्तीर्णतेची खरी किल्ली शाळेच्या हाती जाते. लेखी परीक्षेसाठी स्वतंत्र किमान मर्यादा नसेल, तर हा निकष निकष राहणार नाही.

दुसरा दोष शेऱ्याचा. पंधरा-सोळाव्या वर्षी मिळालेला शेरा आयुष्यभर कागदावर राहतो. अनुत्तीर्ण विद्यार्थी पुन्हा परीक्षेस बसतो, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. शेऱ्यासह उत्तीर्ण झालेल्याला पुन्हा बसण्याची निकड उरणार नाही. घरात कमावत्या हाताची गरज असेल, तर ती निकड आणखी कमी होईल. शिवाय 'गणिताधिष्ठित शिक्षण' म्हणजे काय, याची सीमा आखणे सोपे नाही. अर्थशास्त्र, भूगोल व मानसशास्त्र या विषयांत संख्याशास्त्र येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील वीजतंत्रीसारख्या व्यवसायास दहावीचे गणित व विज्ञान लागते. शेऱ्याने यांपैकी कोणते दार बंद होणार, हे आधी निश्चित व्हावयास हवे.

सोलापूरच्या संदर्भात

सोलापूर जिल्हा पुणे विभागीय मंडळात येतो. परंतु त्याची शैक्षणिक घडण पुण्याहून भिन्न आहे. सोलापूर शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड व उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत कन्नड घराघरांत बोलली जाते. यंत्रमाग व विडी या व्यवसायांवर जगणाऱ्या वस्त्यांत अनेक मुलांची घरची भाषा एक व शाळेची दुसरी असते. शाब्दिक उदाहरण न समजल्याने गेलेले गुण गणिताच्याच खात्यावर मांडले जातात. म्हणजे भाषेच्या अडचणीचे रूपांतर 'गणितास अपात्र' या शेऱ्यात होण्याचा धोका येथे अधिक आहे. ऊसतोडीसाठी हंगामात स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांबाबतही हेच म्हणता येईल. त्यांची शाळा सुटते ती नेमकी इयत्तेच्या मध्यावर, आणि मागील पायरीवर पुढील पायरी उभारणाऱ्या गणितासारख्या विषयात ही तूट सहसा भरून निघत नाही.

अशा विद्यार्थ्याजवळ खासगी शिकवणीचा आधार नसतो. सधन घरातील विद्यार्थी पुन्हा परीक्षा देऊन शेरा पुसून टाकील. निर्धन घरातील विद्यार्थी तो घेऊन जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयातील कला शाखेत दाखल होईल. वरवर पाहता दोघेही उत्तीर्ण ठरतील, परंतु त्यांच्यातील अंतर वाढलेले असेल. कला शाखा ही आवडीने निवडण्याची शाखा न राहता शेरा मिळालेल्यांची शाखा ठरेल, हा त्याचा आणखी एक परिणाम. त्याचे ओझे वरिष्ठ महाविद्यालयांतील प्राध्यापकांना प्रथम वर्षाच्या वर्गातच जाणवेल.

निष्कर्ष

शालेय शिक्षणाची ग्वाही आणि पुढील प्रवेशाची पात्रता वेगळी करणे योग्य आहे. परंतु ते शेऱ्याने साधणार नाही. गुणपत्रिकेवर केवळ गुण असावेत व पात्रता प्रवेश देणाऱ्या संस्थेने त्या त्या अभ्यासक्रमाच्या गरजेनुसार ठरवावी. लेखी परीक्षेस स्वतंत्र किमान मर्यादा असावी. गणिताच्या दोन पातळ्यांमधील निवड नववीतच, पालक व शिक्षकांशी विचारविनिमय करून व्हावी आणि पुढे पातळी बदलण्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयात विनाशुल्क सेतूवर्ग असावेत. यांपैकी शेवटची गोष्ट सर्वांत खर्चिक आहे. तिच्यावाचून ३५ चे २० केल्यास निकालाचा आकडा सुधारेल, पण गणित न येणारा विद्यार्थी होता तेथेच राहील.