निराधार कोण?

दलित साहित्याने मराठी शब्दांची कसून झडती घेतली. गावगाडा ज्याला हक्काचा वाटा म्हणत होता ते ‘बलुतं’ दया पवारांनी १९७८ साली आपल्या आत्मकथनाच्या नावातच मांडले आणि त्या शब्दात दडलेली लाचारी उघडी पडली. ‘हरिजन’ हा शब्द आपण झिडकारला, कारण त्यात दया होती, हक्क नव्हता. परंतु दयेने भरलेला आणखी एक शब्द आपल्या वस्त्यांतून आजही राजरोस वावरतो आहे. तो शब्द ‘निराधार’. त्याची झडती अजून व्हायची आहे.

खामगावात आमच्या वस्तीत म्हाताऱ्या माणसांना सरकारकडून जे मिळते त्याला ‘निराधारचे पैसे’ म्हणतात. मग ते १९८० च्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतले असोत की श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेतले. हे पैसे घेणाऱ्या बाईने जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निंदण-वेचणी केलेली असते. तिच्या नवऱ्याने जिनात कापूस आणि सरकी वाहिलेली असते. खामगाव ही कापसाची पेठ. या कापसासाठी इंग्रजांनी १८७० साली इथवर रेल्वेचा फाटा आणला. पेढ्या, जिन, बंगले कापसावर उभे राहिले आणि तो कापूस या हातांनी वेचला. ज्यांच्या आधारावर पेठ उभी राहिली, तेच म्हातारपणी निराधार कसे ठरतात?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर एका वर्गापुरते दिले आहे. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नकारा खटल्यात सांगितले की, पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही. ती केलेल्या सेवेचा मोबदला आहे आणि म्हातारपणी माणसाला सन्मानाने जगता यावे म्हणून आहे. विचार थोरच आहे. पण सेवा म्हणायचे कशाला? फायलीवर सही केली तर सेवा, आणि चाळीस हंगाम कापूस वेचला तर ती नुसती मजुरी? ज्या श्रमाची हजेरी कोणत्याच रजिस्टरात लागली नाही, त्याला निवृत्तीही नाही आणि वेतनही नाही.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीला लागलेल्यांना राज्याने जुनी पेन्शन नाकारली, म्हणून मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा मीही दिली. ती मागणी न्याय्य होती असे आजही मानतो. परंतु मी ऐकलेल्या एकाही भाषणात वेचणीवाल्या बाईच्या म्हातारपणाचा उल्लेख नव्हता, आणि मीही तो केला नाही. ज्या मायने मजुरी करून मला शिकवले तिचा प्रश्न माझ्या घोषणेत मावला नाही. शिकलेला दलित वस्तीपासून तुटतो तो असा, हक्काची भाषा बोलता बोलता.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, बुलढाण्याला, ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी २०१८ च्या डिसेंबरात साखळी उपोषण सुरू केले. कारखान्यांत, महामंडळांत, सहकारी संस्थांत ही माणसे राबली. त्यांची किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली. मागणी ७,५०० ची आहे. त्यांची दशा वाईट आहे, तरी त्यांच्याकडे निदान वर्गणीचा हिशेब आहे. शेतमजुराकडे तोही नाही.

घटनेच्या ४१ व्या कलमात तीन वचने शेजारी शेजारी आहेत : काम, शिक्षण, आणि बेकारीत, आजारपणात, म्हातारपणी सरकारी साहाय्य. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. ही अडचण तिन्ही वचनांना सारखीच होती. तरी कामाच्या वचनातून महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. शिक्षणाच्या वचनातून २००२ ची घटनादुरुस्ती आणि २००९ चा कायदा निघाला. शेतमजुराच्या म्हातारपणाचे वचन मात्र योजनेपाशी थांबले. योजना म्हणजे शासन निर्णय. काढणाऱ्याच्या मर्जीने वाढतो, अडतो. केंद्राच्या वृद्धापकाळ योजनेत साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये आहे. राज्याने २०२३ साली रक्कम १,५०० केली. त्यासाठी सबंध कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २१,००० च्या आत असल्याचा दाखला अनेक वर्षे मागितला गेला. म्हणजे घरातल्या सर्वांनी मिळून दिवसाला साठ रुपयांच्या आत मिळवायचे! गरिबाने आधी खोटे बोलावे आणि मग आपले हक्काचे घ्यावे, अशी ही तऱ्हा.

‘श्रावणबाळ’ हे नावही तपासून पाहा. कथेत आंधळ्या आईबापांना कावडीत वाहणारा मुलगा राजाच्या बाणाने मरतो आणि आईबाप शोकाने प्राण सोडतात. म्हातारपणाचे ओझे मुलाच्या खांद्यावर. राजाकडे फक्त पश्चात्ताप. २००७ च्या कायद्याने आईबापांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. पण मुलगाच रोजंदारीवर असेल तर त्याने कावड कशाच्या बळावर उचलायची?

गेल्या साली शेजारच्या एका बुढीला हयातीच्या दाखल्यासाठी घेऊन गेलो होतो. तिच्या बोटांचे ठसे यंत्राला लागेनात. निंदणा-वेचणीने बोटांच्या रेषा झिजून गेल्या होत्या. ती मला म्हणाली, ‘‘बापू, मी जित्ती समोर उभी हाओ, मंग कागद कायले पाह्यजे?’’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. तिच्या श्रमाची एकच नोंद होती, ती त्या बोटांवर. आणि तिच्यामुळेच ती अडली होती.

पेन्शनचे मोल आपल्या चळवळीला नवे नाही. गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून १८८६ साली निवृत्त झाले आणि विटाळाविरुद्ध लिहू लागले. त्यांची भाकरी गावाच्या हातात नव्हती, म्हणून लेखणी त्यांच्या हातात राहू शकली असे मला वाटते. बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये विमा राज्याच्याच ताब्यात असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मजुरीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा असे सुचवले होते. तिथे नागरिक आहे. हात पसरणारा लाभार्थी नाही.

मग आपल्या साहित्यात हा नागरिक म्हातारा झालेला का दिसत नाही? माझ्या वाचनातल्या बहुतेक आत्मकथनांत पोर आहे, शाळा आहे, भूक आहे. पोर शिकते, नोकरीला लागते आणि पुस्तक संपते. त्यानंतर माय किती वर्षे वावरात जात राहिली, कोणत्या वयात तिचे हात थकले, मग चूल कशावर पेटली, हे प्रकरण लिहायचे राहून गेले. जे आपण लिहिले नाही ते सरकारने आपल्या भाषेत लिहून टाकले : निराधार.

त्या बुढीच्या अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात ‘शेतमजूर, निवृत्त’ असे मी लिहिले असते तर समोरचा कारकून हसला असता. तो हसणार नाही असा कायदा आपल्याला मागायचा आहे. आणि तो मागण्याआधी ते दोन शब्द आपल्या लिखाणात, आपल्या संपाच्या फलकावर यायला हवेत.