व्याख्या आणि गणना : अमेरिकन धोरणसंस्थांनी रेखाटलेला अंतर्गत अतिरेक

अमेरिकेच्या राजकीय जीवनात ‘थिंक टँक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणसंस्थांचे स्थान मोठे चमत्कारिक आहे. ब्रुकिंग्ज (१९१६), रँड (१९४८), सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक अँड इंटरनॅशनल स्टडीज (१९६२), हेरिटेज (१९७३) या संस्था विद्यापीठे नव्हेत आणि सरकारी खातीही नव्हेत. तथापि त्यांची प्रकाशने काँग्रेसच्या समित्यांपुढे पुराव्यादाखल ठेवली जातात आणि वृत्तपत्रे त्यांतील आकडे निर्णायक म्हणून उद्धृत करतात. देशांतर्गत अतिरेकाविषयी या संस्था जे चित्र रेखाटतात, त्यावरून शासनाने कोणत्या नागरिकांवर पाळत ठेवावी हे अंशतः ठरत असते. म्हणूनच त्या चित्राची छाननी हा केवळ पद्धतिशास्त्राचा प्रश्न राहत नाही.

उपर्युक्त संस्थांपैकी सेंटर फॉर स्ट्रॅटेजिक या संस्थेने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला निबंध या प्रकारच्या लेखनाचा चांगला नमुना होय. जानेवारी १९९४ ते मे २०२० या काळातील ८९३ कट व हल्ले त्यात मोजले असून त्यांपैकी ५७ टक्के उजव्या, २५ टक्के डाव्या आणि १५ टक्के धार्मिक अतिरेक्यांचे ठरविले आहेत. मृतांची संख्या पाहू जाता मात्र क्रम पालटतो. धार्मिक दहशतवादाचे बळी ३,०८६, उजव्यांचे ३३५ आणि डाव्यांचे २२. या ३,०८६ पैकी २,९७७ जण ११ सप्टेंबर २००१ या एकाच दिवशी मृत्यू पावले. तो दिवस वगळला तर १०९ उरतात. त्याच न्यायाने उजव्यांच्या आकड्यातून १९९५ च्या ओक्लाहोमा सिटी येथील स्फोटाचे १६८ बळी वगळले, तर १६७ उरतात. तात्पर्य, कट मोजावेत की प्रेते, आणि अपवादात्मक घटना धरावी की सोडावी, या दोन निवडींवर निष्कर्ष अवलंबून राहतो.

काँग्रेसच्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ मध्ये दिलेल्या अहवालाशी हे आकडे ताडून पाहिल्यास अडचण अधिक स्पष्ट होते. त्या अहवालात गणनेचा आरंभ १२ सप्टेंबर २००१ पासून धरला असून २०१६ अखेरपर्यंत प्राणघातक अशा ८५ घटना नोंदविल्या आहेत. त्यांपैकी ६२ उजव्यांच्या व २३ इस्लामी अतिरेक्यांच्या. बळी अनुक्रमे १०६ व ११९. या ११९ पैकी ४९ जण ऑरलँडो येथील एकाच हल्ल्यातील आहेत. आता पंधरा वर्षांच्या गणनेत इस्लामी अतिरेकाचे ११९ बळी, आणि सव्वीस वर्षांच्या गणनेत, ११ सप्टेंबर सोडून, साऱ्या धार्मिक दहशतवादाचे मिळून १०९! अवधी मोठा आणि आकडा लहान, या विसंगतीचा उलगडा व्याख्यांतील भेद मानल्याशिवाय होत नाही.

वर्गीकरणाचेही तसेच. २०२० च्या निबंधात वंशश्रेष्ठत्ववाद, शासनविरोध, स्त्रीद्वेष आणि गर्भपातविरोध हे सर्व ‘उजव्या’ सदरात घातले आहे. गर्भपातविरोधी हिंसेमागील प्रेरणा पुष्कळदा धार्मिक असते. परंतु ती ‘धार्मिक’ सदरात येत नाही. ते सदर व्यवहारतः बव्हंशी मुसलमान अतिरेक्यांपुरते उरते. हा पक्षपात हेतुपुरस्सर आहे असे म्हणण्यास आधार नाही. परंतु परिणाम तोच होतो.

हेरिटेज फाउंडेशनने ऑक्टोबर २०२४ मध्ये मांडलेल्या ‘प्रोजेक्ट एस्थर’ या योजनेत तर गणनेची जागा नामकरणाने घेतली आहे. पॅलेस्टाइनच्या बाजूने निदर्शने करणाऱ्या संघटनांना तेथे ‘हमास-सहायक जाळे’ असे नाव दिले आहे. नाव एकदा रूढ झाले की पुरावा मागण्याची गरज कुणास भासत नाही. याउलट केटो इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये छेद मांडला, ही तिची जमेची बाजू. १९७५ ते २०१५ या काळात परदेशात जन्मलेल्या दहशतवाद्याच्या हातून मृत्यू येण्याचा संभव वर्षाला ३६ लाखांत एक, असे तिने दाखविले. स्थलांतरास अनुकूल असलेल्या संस्थेने हेच गणित निवडावे यात नवल नाही. पण गणित वाचकाला तपासता येते.

सप्टेंबर २०२५ मध्ये सेंटर फॉर स्ट्रॅटेजिकने पुन्हा लिहिले की, त्या वर्षाच्या पूर्वार्धात डाव्यांचे हल्ले तीस वर्षांत प्रथमच उजव्यांहून अधिक झाले. लेखकांनी स्वतःच बजावले होते की, ही वाढ अत्यल्प पातळीवरून झालेली आहे. घटना बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. परंतु मथळा पसरला आणि इशारा मागे राहिला. त्याच महिन्यात चार्ली कर्क यांची हत्या झाली आणि फॅसिझमविरोधाच्या नावाखालील हिंसेला लक्ष्य करणारे राष्ट्राध्यक्षांचे ज्ञापनही निघाले. उलट २००९ मध्ये उजव्या अतिरेकाविषयी इशारा देणारा गृहसुरक्षा खात्याचा अहवाल राजकीय गदारोळामुळे मागे घ्यावा लागला होता.

अतिरेकाचे मोजमाप करूच नये, असा याचा अर्थ नाही. आरंभाची तारीख, मोजण्याचे एकक आणि वर्गाची व्याख्या या तिन्ही गोष्टी आकड्याच्या शेजारीच छापल्या पाहिजेत, आणि त्या बदलल्यास निष्कर्ष टिकतो की नाही हेही सांगितले पाहिजे. ज्या निबंधात हे नसेल तो अभ्यास नव्हे, वकीलपत्र होय. आणि त्याची किंमत ज्यांचे नाव चुकीच्या सदरात पडते त्या नागरिकांना मोजावी लागते.