खानेसुमारीचे जुने तक्ते व नात्यांचा निर्णय

जुन्या खानेसुमारीचा तक्ता हातीं आला म्हणजे वंशावळ लावणारास हर्ष होतो, व तो साहजिक आहे. सरकारी माणसानें दारोदार फिरून लिहिलेला कागद घरांतील वृद्धांच्या आठवणीपेक्षां बळकट, हें कोणीहि मान्य करील. परंतु कागद खरा असणें निराळें आणि त्यावरून काढलेलें अनुमान खरें असणें निराळें. अमेरिकेंतील वंशशोधकांत अशा तक्त्यांवरून पितापुत्रसंबंध ठरविण्याची जी रीत आढळते, तिची परीक्षा करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

अमेरिकेची पहिली खानेसुमारी इ. स. १७९० सालीं झाली. तेव्हांपासून इ. स. १८४० पर्यंतच्या सहाहि खानेसुमाऱ्यांत नांव येतें तें केवळ कुटुंबप्रमुखाचें. बाकीचीं माणसें रकान्यांतील आंकड्यांत लोपलेलीं असतात. नातें कोठेंच लिहिलेलें नाहीं. तरीहि १० ते १६ वर्षांच्या मुलग्यांच्या रकान्यांत २ हा आंकडा दिसला कीं ‘या गृहस्थास त्या वयाचे दोन पुत्र होते’ असें लिहून मोकळें होणारे लेखक आहेत. तक्ता इतकेंच सांगतो कीं त्या वयाचे दोन मुलगे त्या घरीं मोजले गेले. ‘घरीं’ या शब्दाच्या जागीं ‘घरधन्याचे’ हा शब्द वंशशोधकानें पदरचा घातलेला असतो.

ही शंका पोकळ नव्हे. अब्राहम लिंकन याच्या बापाचें, टॉमस लिंकनचें, घर घ्या. इतर साधनांवरून त्या घराची हकीकत चांगली ज्ञात आहे. अब्राहमची आई नॅन्सी हँक्स इंडियानांत ता. ५ ऑक्टोबर १८१८ रोजीं वारली. टॉमसनें ता. २ डिसेंबर १८१९ रोजीं केंटकींत सेरा बुश जॉन्स्टन या विधवेशीं दुसरें लग्न केलें. तिचीं पहिल्या घरचीं तीन मुलें तिच्याबरोबर आलीं. नॅन्सीच्या माहेरच्या नात्यांतला डेनिस हँक्स हाहि त्याच घरीं राहत होता. इ. स. १८२० ची गणना ऑगस्टच्या पहिल्या सोमवारचा दिवस धरून झाली. त्या सुमारास या घरांत टॉमस व सेरा यांखेरीज सहा माणसें असावयाचीं. त्यांपैकीं टॉमसचीं अपत्यें दोनच, अब्राहम व त्याची बहीण.

आतां ही माहिती बाजूस ठेवून हींच माणसें रकान्यांत घालूं. पुरुष एक, स्त्री एक, दोघांचा रकाना २६ ते ४५ वर्षांचा; एक तरुण १६ ते २६ चा; खालीं मुलेंमुली. याहून सरळ कुटुंब तें कोणतें? आमचा वंशशोधक सहाहि जणांस टॉमस व सेरा यांचीं मुलें ठरवील. डेनिसचा जन्म इ. स. १७९९ चा व सेराचा १७८८ चा. म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीस तो पुत्र चिकटवील. रकाना १९ वर्षांच्या पट्ट्याचा असल्यामुळें ही असंभवता तक्त्यांत झांकली जाते. पुढें इ. स. १८२१ सालीं डेनिसचें लग्न सेराच्या एलिझाबेथ या मुलीशीं झालें. तेव्हां या वंशावळींत सख्ख्या भावाबहिणीचा विवाह लागेल! आणि सुमारें पावणेदोन वर्षांपूर्वी वारलेली नॅन्सी, जिच्या पोटीं अब्राहम जन्मला, ती वंशावळींतून पार नाहींशी होईल. आमच्या मतें सर्वांत मोठी हानि हीच होय.

मग हे तक्ते निरुपयोगी काय? मुळींच नाहीं. एक तक्ता एकटा वाचूं नये, इतकाच आमचा आग्रह आहे. इ. स. १८१० सालीं टॉमसच्या घरीं तीन वर्षांची मुलगी व एक वर्षाचा मुलगा होता. डेनिस तेव्हां अकरा वर्षांचा. त्या वयाचा मुलगा त्या घरचा नव्हता. दहा वर्षांनीं जो तरुण दिसतो, तो दहा वर्षांपूर्वी बालकांच्या रकान्यांत कां नाहीं, हा प्रश्न दोन तक्ते शेजारीं ठेवल्याबरोबर उठतो. उत्तर मात्र विवाहाच्या नोंदींत, मृत्युपत्रांत, जमिनीच्या खतांत शोधावें लागतें. खानेसुमारी प्रश्न विचारते. निवाडा देत नाहीं.

पुढील तक्तेहि सावधपणें वाचावे. इ. स. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव आलें, परंतु प्रमुखाशीं असलेलें नातें १८८० सालीं प्रथम लिहिलें गेलें. तेंहि प्रमुखाशींच, ‘पत्नी’ व ‘पुत्र’ हे दोन शब्द खालींवर आले म्हणून ती त्याची आई ठरत नाहीं. गुलामांस इ. स. १८५० व १८६० सालीं निराळे तक्ते होते, त्यांत सामान्यतः धन्याचें नांव व गुलामांचें केवळ वय, लिंग व वर्ण. तेथें नातीं जुळवूं पाहणारास किती जपावें लागेल तें सांगणें नको.

आपल्या कुलवृत्तांतकारांस हा विषय परका वाटूं नये. इ. स. १९४८ च्या जनगणना कायद्याच्या १५ व्या कलमानें आपल्या गणनेचे मूळ कागद पाहण्यास खुले नाहींत. पण घरधन्याच्या नांवाखालीं माणसें मोजणारे जुने कागद दप्तरांत सांपडतातच. आपल्या एकत्र कुटुंबांत पुतण्या, भाचा, दत्तक, विधवा बहीण, माधुकरी मागणारा विद्यार्थी हीं सर्व एका छपराखालीं नांदत. अशा घरच्या आंकड्यांवरून पुत्रसंख्या काढणाऱ्यानें आधीं दुसरा पुरावा पुढें ठेवावा. तो नसेल तर वंशावळींत ती जागा मोकळी सोडावी. मोकळी जागा पुढचा शोधक भरूं शकतो. चुकीचें नांव छापलें गेलें म्हणजे तें पुसण्यास पिढ्या लागतात.